बोस्टनची शर्यत : अडवलेल्यांनी मोकळा केलेला रस्ता

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एप्रिल महिन्याचा तिसरा सोमवार हा सुटीचा दिवस असतो. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड या गावांत तिथल्या शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेसमोर बंदुका उचलल्या आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. त्याची आठवण म्हणून ही सुटी. परंतु बोस्टन शहरात रस्त्यावरच्या माणसाला विचारा, आज सुटी कशाची? तो हसून सांगेल, मॅरेथॉनची!

बोस्टनची मॅरेथॉन १८९७ साली सुरू झाली. दर वर्षी होणाऱ्या मॅरेथॉन शर्यतींत ही जगातील सर्वांत जुनी. १९१८ साली पहिल्या महायुद्धामुळे तिच्या जागी सैनिकांची टप्प्याटप्प्याची दौड झाली आणि २०२० साली कोरोनामुळे रस्ता ओस राहिला. एवढे अपवाद सोडले तर ही शर्यत चुकलेली नाही. आपल्या मुंबईतही २००४ पासून जानेवारी महिन्यात मॅरेथॉन होते. पण मुंबईचे धावपटू फिरून पुन्हा दक्षिण मुंबईत येतात. बोस्टनचे तसे नाही. हॉपकिंटन नावाच्या लहानशा गावातून निघायचे, ॲशलंड, फ्रेमिंगहॅम, नेटिक, वेलस्ली, न्यूटन, ब्रुकलाइन अशी गावे मागे टाकायची आणि ४२ किलोमीटर १९५ मीटर धावून बोस्टन शहराच्या मध्यभागी पोहोचायचे. एकाच दिशेची ही वाट आहे.

२०२५ सालच्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता याच वाटेवरच्या फ्रेमिंगहॅम गावी आमच्या भाचीकडे मुक्कामाला होतो. भाची तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, जावई एका गोदामात कामाला आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे आमची नात, पाचवीत शिकते आणि शाळेच्या संघातून धावते. ही सारी वाट आम्ही तिच्याच हट्टापायी पाहिली. सांगायला आनंद वाटतो, की न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहून जे शिकलो नसतो ते या साध्या डांबरी रस्त्याने आम्हाला शिकवले.

झुडपात लपलेली मुलगी

शर्यतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही हॉपकिंटनला गेलो. त्या दिवशी ईस्टर होता, म्हणून बरीचशी दुकाने बंद होती. गावाच्या मधोमध हिरवळीचे मैदान, बाजूला लाकडी घरे, एक चर्च आणि समोरून जाणारा मुख्य रस्ता. याच रस्त्यावर रंगाने आखलेली सुरुवातीची रेघ आहे. तिच्यावर उभे राहून फोटो काढून घेण्यासाठी रांग लागली होती. रांगेत आजोबा होते, तान्ही मुले घेतलेल्या आया होत्या, जगभरातून आलेले धावपटू होते. रेघेपासून रस्ता एकदम उताराला लागतो. सुरुवातीची जागा शेवटच्या जागेपेक्षा सुमारे १४० मीटर उंचावर आहे. म्हणूनच बोस्टनची वेळ कितीही चांगली असली तरी ती जागतिक विक्रम म्हणून मोजली जात नाही. २०११ साली केनियाच्या जेफ्री मुताईने येथे २ तास ३ मिनिटे २ सेकंद अशी वेळ दिली. त्या वेळच्या जागतिक विक्रमापेक्षा ती सरस होती, तरी विक्रमाच्या वहीत चढली नाही.

या गावात काही पुतळे आहेत. त्यांतला एक धावणाऱ्या तरुणीचा आहे. ही तरुणी म्हणजे रॉबर्टा ऊर्फ बॉबी गिब. आणि नवल असे, की पुतळा घडवणारी शिल्पकारही तीच. २०२१ साली तो येथे उभा राहिला. त्यामागची हकीकत आमच्या माताभगिनींनी मुद्दाम वाचावी.

१९६६ साल. बॉबी गिब तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि कॅलिफोर्नियात राहत होती. रानावनात, डोंगरात धावण्याचा तिला छंद. तिने शर्यतीचा अर्ज मागवला. आयोजकांचे उत्तर आले, की एवढे अंतर धावण्याची स्त्रियांच्या शरीरात ताकद नसते आणि नियमानेही त्यांना परवानगी नाही. त्या काळी समजच तसा होता. १९२८ सालच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. ती धावून काही जणी दमून खाली बसल्या, एवढ्यावरून पुढे १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरच्या वर धावू दिले गेले नाही. पुरुष दमला तर तो शूर आणि स्त्री दमली तर ती अबला, असा हा न्याय!

बॉबीने अर्जाचा नाद सोडला, शर्यतीचा सोडला नाही. ती बसने निघाली. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा तो चार दिवसांचा प्रवास होता. आईवडिलांचे घर बोस्टनजवळच होते. वडिलांना मुलीचे डोके फिरले असे वाटले. आईची समजूत मात्र तिने घातली आणि आईनेच तिला मोटारीतून हॉपकिंटनला आणून सोडले. भावाची अर्धी चड्डी, वर टोपीचा सदरा, असा वेश करून बॉबी रस्त्याकडेच्या झुडपात दडून राहिली. शर्यत सुटली, काही धावपटू पुढे गेले आणि ती बाहेर पडून गर्दीत मिसळली.

मागून धावणाऱ्या पुरुषांनी ओळखले, ही तर मुलगी आहे. बॉबीला भीती, की आता हे आपल्याला बाहेर काढतील. पण घडले उलटेच. ते म्हणाले, तुला कुणी बाहेर काढू लागला तर आम्ही काढू देणार नाही. मग तिने अंगावरचा जाड सदरा उतरवून टाकला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत तिने शर्यत पुरी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुष तिच्या मागे होते. राज्याचे गव्हर्नर हस्तांदोलन करायला उभे होते. शर्यतीच्या कागदावर मात्र तिचे नाव नव्हते. ते नाव मान्य व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या वर्षी, १९६७ साली, कॅथरीन स्विट्झर नावाच्या विद्यार्थिनीने अर्जावर फक्त आद्याक्षरे लिहिली आणि तिला २६१ क्रमांक मिळाला. काही किलोमीटर गेल्यावर जॉक सेंपल नावाचे आयोजक तिच्या मागे धावले आणि तिच्या छातीवरचा क्रमांक फाडण्यासाठी तिला ओढू लागले. तिच्या सोबत धावणाऱ्या मित्राने सेंपलना ढकलून दूर केले. छायाचित्रकारांची गाडी पुढेच होती. ते छायाचित्र जगभर गेले आणि जे काम शंभर अर्जांनी झाले नसते ते त्याने केले. स्विट्झर त्या दिवशी थांबली नाही. शर्यत पूर्ण करूनच ती घरी गेली.

१९७२ साली स्त्रियांना प्रथमच अधिकृत प्रवेश मिळाला. आठ जणी धावल्या आणि आठही जणींनी शर्यत पुरी केली. पहिली आलेली नीना कुसिक ३ तास १० मिनिटे २६ सेकंदांत पोहोचली. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन त्यानंतरही बारा वर्षांनी, म्हणजे १९८४ साली झाली. आणि २०१७ साली, सत्तरीत पोहोचलेली कॅथरीन स्विट्झर छातीवर तोच २६१ क्रमांक लावून बोस्टनला पुन्हा धावली, तेव्हा तिच्याबरोबर हजारो स्त्रिया त्याच रस्त्यावर होत्या. तो क्रमांक आता दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

आमच्या नातीने पुतळ्यासमोर उभे राहून विचारले, "आजी, ती लपली कशाला? तिने चोरी केली होती का?" सौ. म्हणाल्या, "नाही ग बाई. चोरी दुसऱ्यांनी केली होती. ती आपली जागा परत घ्यायला आली होती."

बापलेकाची जोडी

सुरुवातीच्या रेघेजवळ आणखी एक पुतळा आहे. पुढे चाकांच्या खुर्चीत बसलेला मुलगा आणि मागून ती ढकलत धावणारा बाप. डिक होइट आणि त्यांचा मुलगा रिक. जन्मतःच मेंदूला इजा झाल्यामुळे रिकला हातपाय हलवता येत नव्हते, बोलता येत नव्हते. डॉक्टरांनी त्याला संस्थेत ठेवून द्या असा सल्ला दिला. आईबापांनी तो मानला नाही. यंत्राच्या साहाय्याने तो बोलू लागला, शिकला, बोस्टन विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याला शर्यतीत धावल्यासारखे वाटावे म्हणून बाप त्याची खुर्ची ढकलत धावू लागला. सुरुवातीला बोस्टनने त्यांनाही अधिकृत प्रवेश दिला नव्हता. पुढे ही जोडी बोस्टनची ओळखच होऊन बसली. बत्तीस वेळा बापलेक या रस्त्यावरून धावले, शेवटचे २०१४ साली. डिक २०२१ साली आणि रिक २०२३ साली वारले.

स्वतःच्या हातांनी चाके फिरवून शर्यत पुरी करणाऱ्यांची कथाही अशीच आहे. व्हिएतनामच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेले युजीन रॉबर्ट्स १९७० साली या वाटेवर उतरले आणि सहा तासांहून अधिक वेळ झगडून पोहोचले. १९७५ साली बॉब हॉल नावाच्या तरुणाने रीतसर परवानगी मागितली. लहानपणी पोलिओने त्याचे पाय गेले होते. आयोजकांनी अट घातली, की तीन तासांच्या आत पोहोचलास तरच प्रमाणपत्र मिळेल. तो २ तास ५८ मिनिटांत पोहोचला. प्रमाणपत्र द्यावेच लागले आणि चाकांच्या खुर्चीला शर्यतीचे दार उघडले.

कामगारांची शर्यत

हॉपकिंटनहून परत येताना वाटेत ॲशलंड लागते. पहिली शर्यत इथूनच सुटली होती. १८९६ साली अथेन्सला नव्या काळातले पहिले ऑलिंपिक झाले. ते पाहून आलेल्या बोस्टनच्या मंडळींनी आपल्या गावी अशी शर्यत भरवायचे ठरवले. १९ एप्रिल १८९७ रोजी एका गिरणीजवळ पंधरा जण जमले. अथेन्सला शंभर आणि चारशे मीटर जिंकलेले टॉम बर्क यांनी पायाने रस्त्यावर रेघ ओढली आणि शर्यत सुटली. ना तोफ, ना मंडप. अंतर तेव्हा ३९ किलोमीटरच्या आसपास होते. जॉन मॅकडरमॉट २ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत पहिले आले. १९२४ पासून सुरुवात हॉपकिंटनला नेली.

कितीतरी वर्षे ही शर्यत कष्टकऱ्यांची होती. सात वेळा जिंकलेले क्लॅरेन्स डिमार छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार होते. एकसष्ट वेळा या शर्यतीत उतरलेले जॉनी केली वीज कंपनीत नोकरीला होते. पैशाचे बक्षीस नव्हतेच. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट आणि शर्यत संपल्यावर सर्वांना वाडगाभर गरम रस्सा, एवढाच मान. पैशाचे बक्षीस १९८६ सालापासून सुरू झाले.

हॉपकिंटनहून निघाल्यावर लवकरच रस्त्याच्या कडेला दोन ग्रीक धावपटूंचा पुतळा दिसतो. त्यांतले एक स्टायलियानोस किरियाकिडीस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या ग्रीसमध्ये हजारो माणसे उपासमारीने मेली. युद्ध संपल्यावर १९४६ साली हा हाडकुळा माणूस बोस्टनला आला आणि म्हणाला, मी माझ्या उपाशी देशबांधवांसाठी धावणार आहे. २ तास २९ मिनिटे २७ सेकंदांत तो पहिला आला, जॉनी केली दुसरे आले. किरियाकिडीस लगेच मायदेशी गेला नाही. राहून त्याने मदत मागितली आणि अन्न, औषधे, कपडे बोटींनी ग्रीसला पोहोचले. पोटाला चिमटा म्हणजे काय हे ज्यांनी भोगले आहे, त्या आमच्या वाचकांना या विजयाची किंमत वेगळी सांगायला नको.

सोमवारचा निकाल

२१ एप्रिल २०२५, सोमवार. हवा गार, ऊन कोवळे. फ्रेमिंगहॅमच्या रेल्वे स्टेशनाजवळ, साधारण दहा किलोमीटरच्या खुणेपाशी, आम्ही सकाळी आठलाच जागा धरली. हे कामकरी लोकांचे गाव आहे. ब्राझीलहून येऊन पोट भरणारी पुष्कळ कुटुंबे इथे राहतात. त्यांची मुले ढोलके, थाळ्या, पातेल्यांची झाकणे घेऊन आली होती. आम्हीही घरातून स्टीलचे ताट आणि चमचा नेला होता. देशोदेशीच्या भांड्यांचा आवाज सारखाच निघतो!

सर्वांत आधी चाकांच्या खुर्च्या आल्या, खाली वाकलेल्या आणि बाणासारख्या वेगाच्या. त्यानंतर अर्धापाऊण तासाने पुरुषांची आघाडीची तुकडी आली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून गेली. पाठोपाठ स्त्रियांची. मग सुरू झाला माणसांचा लोंढा. जवळजवळ तीस हजार माणसे! दोन तास आम्ही ताट वाजवत होतो. एक गृहस्थ डोळ्यांनी अंध होते. सोबत्याच्या हाताला बांधलेल्या दोरीच्या आधाराने ते धावत होते. एका बाईंच्या पाठीवर वारलेल्या मुलाचा फोटो होता. एकजण कृत्रिम पायावर धावत होता. नातीचा ओरडून ओरडून घसा बसला.

संध्याकाळी दूरदर्शन संचावर सगळा निकाल पाहिला तो असा. पुरुषांत केनियाचा जॉन कोरिर पहिला, वेळ २ तास ४ मिनिटे ४५ सेकंद. हा गडी सुरुवातीलाच गर्दीत पडला होता, छातीवरचा क्रमांक सुटला होता. तो तसाच उचलून खोचला आणि धावला. त्याचा थोरला भाऊ वेस्ली २०१२ साली हीच शर्यत जिंकला होता. सख्खे भाऊ बोस्टन जिंकल्याचे हे पहिलेच उदाहरण. दुसरा आला टांझानियाचा अल्फॉन्स सिंबू, वेळ २ तास ५ मिनिटे ४ सेकंद. हे नाव मुंबईकरांना परके नाही, कारण २०१७ सालची मुंबई मॅरेथॉन त्यानेच जिंकली होती. बोस्टननंतर पाच महिन्यांनी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो मॅरेथॉनचा विश्वविजेता झाला, तोही सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजाव्या लागणाऱ्या फरकाने. बोस्टनला तिसरा केनियाचा सायब्रियन कोटुट.

स्त्रियांत केनियाची शेरॉन लोकेडी २ तास १७ मिनिटे २२ सेकंदांत पहिली आली. २०१४ पासून उभा असलेला स्त्रियांचा विक्रम तिने अडीच मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. मागची दोन वर्षे लागोपाठ जिंकलेली हेलन ओबिरी अवघ्या १९ सेकंदांनी मागे राहिली. तिसरी इथिओपियाची यालेमझर्फ येहुआलाव. चाकांच्या खुर्चीवर स्वित्झर्लंडचा मार्सेल हग १ तास २१ मिनिटे ३४ सेकंदांत पहिला, त्याचा हा बोस्टनमधला आठवा विजय. स्त्रियांत अमेरिकेची सुझाना स्कारोनी, १ तास ३५ मिनिटे २० सेकंद. बॉब हॉलच्या धावेला त्याच वर्षी पन्नास वर्षे झाली.

स्त्री आणि पुरुष धावपटूंच्या पहिल्या क्रमांकाचे बक्षीस सारखेच, दीड लाख डॉलर. आता १९६६ सालचे ते पत्र आठवा. स्त्रीच्या शरीरात ताकद नसते असे त्यात म्हटले होते. त्या वर्षी पुरुषांतला विजेता २ तास १७ मिनिटे ११ सेकंदांत आला होता. शेरॉन लोकेडीची वेळ त्याच्यापेक्षा फक्त अकरा सेकंदांनी जास्त आहे. याहून वेगळे उत्तर काय द्यायचे?

काळीज तोडणारी टेकडी

मंगळवारी जावयांनी आम्हाला न्यूटनच्या सिटी हॉलपाशी सोडले. तिथे जॉनी केलींचा पुतळा आहे. तरुणपणचे केली आणि म्हातारपणचे केली हातात हात घेऊन धावताहेत. त्यापुढे जी चढण लागते तिचे नाव इंग्रजीत 'हार्टब्रेक हिल', म्हणजे काळीज तोडणारी टेकडी. आम्ही साठी ओलांडलेली माणसे, तरी हळूहळू चढून गेलो. चढण फार मोठी नाही, साधारण सहाशे मीटर लांब. पण ती येते बत्तीस किलोमीटर धावून झाल्यावर, अंगातली शिदोरी संपल्यावर. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडची चढण शेवटी शेवटी धावपटूंना जसा घाम फोडते, तसाच हा प्रकार.

या नावामागे एक माणूस आहे आणि पुतळा त्याचा नाही. त्याचे नाव एलिसन ब्राउन, लोक त्याला टार्झन ब्राउन म्हणत. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या नॅरागान्सेट या आदिवासी जमातीतला हा तरुण. गोऱ्यांनी येऊन ज्यांच्या जमिनी घेतल्या, ज्यांची जमात कागदोपत्री संपली असे जाहीर करून टाकले, त्यांच्यापैकी एक. मोलमजुरी करावी, दगड फोडावेत, मिळेल ते खावे आणि धावावे. १९३६ सालच्या शर्यतीत तो सुरुवातीपासून सर्वांच्या पुढे होता. याच चढावर मागच्या वर्षीचे विजेते जॉनी केली त्याला गाठून पुढे निघाले आणि जाता जाता त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटले. जणू म्हणाले, शाब्बास, आता बाकीचे आम्ही पाहतो. ती थाप ब्राउनच्या जिव्हारी लागली असावी. तो पुन्हा उसळला, पुढे गेला आणि २ तास ३३ मिनिटे ४० सेकंदांत पहिला आला. केली पाचवे आले. केलींचे काळीज तुटले म्हणून एका वार्ताहराने टेकडीला हे नाव दिले. म्हणजे नाव पडले तेही हरलेल्याच्या दुःखावरून, जिंकलेल्याच्या पराक्रमावरून नव्हे! १९३९ साली ब्राउन पुन्हा जिंकला, २ तास २८ मिनिटे ५१ सेकंदांत, नवा विक्रम करून. पण पानांच्या मुकुटाने चूल पेटत नाही. त्याचे आयुष्य दारिद्र्यातच गेले. १९७५ साली मोटारीखाली सापडून तो वारला. त्याच्या जमातीला सरकारी मान्यता पुन्हा मिळाली ती १९८३ साली.

रस्ता सगळ्यांचा झाला असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही, हेही याच टेकडीजवळ समजते. २०२३ साली एकविसाव्या मैलापाशी काळ्या लोकांची धावण्याची मंडळे आपल्या धावपटूंना उत्तेजन देत उभी होती. पोलिसांनी सायकली आडव्या घेऊन त्यांच्यापुढे भिंत उभी केली. लोक रस्त्यावर उतरतात अशी तक्रार आली होती, असे पोलिसांचे म्हणणे. पण आम्हालाच का, इतरांना का नाही, असे त्या मंडळांनी विचारले. आयोजकांनी त्यांची माफी मागितली, प्रकरण न्यायालयात गेले. मंडळे मात्र घरी बसली नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी ती पुन्हा उभी राहिली.

आणि पैशाचा अडसर आहेच. प्रवेश फी दोनशे डॉलरहून अधिक. त्याआधी दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळ नोंदवावी लागते. ज्यांना ती जमत नाही ते धर्मादाय संस्थांसाठी हजारो डॉलर गोळा करून धावतात. म्हणजे छापखान्यातल्या कामगाराची ही शर्यत आज कामगाराच्या खिशाला परवडेलच असे नाही.

शेवटचे वळण

टेकडी उतरून आम्ही ट्राम पकडली आणि कोप्ले चौकात उतरलो. इथे बॉयल्स्टन रस्त्यावर शर्यत संपते. निळ्यापिवळ्या रंगाची रुंद रेघ अजून चकचकीत होती, कामगार कठडे उचलत होते. गळ्यात पदक घातलेली माणसे लंगडत लंगडत पण ताठ मानेने फिरत होती.

याच रस्त्यावर १५ एप्रिल २०१३ रोजी दोन बाँब फुटले. तीन माणसे ठार झाली, त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. अडीचशेहून अधिक जखमी झाले, कित्येकांचे पाय गेले. स्फोटाच्या दोन्ही जागी आता दगडी खांब उभे आहेत, एका जागी एक, दुसऱ्या जागी दोन. आजूबाजूला दुकाने, हॉटेले. लोक चालता चालता थांबतात, हात लावतात, पुढे जातात. त्या मुलाने मरण्याआधी शाळेत एक फलक रंगवला होता. माणसांना दुखवणे थांबवा, शांती असू द्या, असा त्याचा आशय. एवढेसे लेकरू, पण मागणी केवढी मोठी!

पुढच्या वर्षी, २०१४ साली, जिंकला मेब केफ्लेझिगी, वय ३८. हा मूळचा आफ्रिकेतल्या एरिट्रियाचा. युद्धामुळे त्याच्या कुटुंबाला देश सोडावा लागला आणि तो बारा वर्षांचा असताना ते निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर त्याने स्फोटाशी जोडलेल्या मृतांची नावे लिहिली होती. १९८३ नंतर प्रथमच अमेरिकेचा पुरुष जिंकला होता आणि तो होता एक निर्वासित मुलगा.

समाप्तीच्या रेघेला लागूनच बोस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच्या मुख्य दारावर दगडात कोरले आहे, 'सर्वांसाठी मोकळे'. आम्ही आत गेलो. कुणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, पैसे मागितले नाहीत. लांब मेजांवर हिरव्या दिव्यांखाली मुले अभ्यास करीत होती. त्यांच्यात कालचे पदक गळ्यात असलेला एक मुलगाही वही उघडून बसला होता.

वाचक बंधुभगिनींनो, या शर्यतीच्या नियमावलीत स्त्री नव्हती, पांगळा नव्हता. ती नियमावली कुणी आपण होऊन बदलली नाही. आधी माणसे रस्त्यावर धावली, नियम मागाहून आले. आपल्या घरात धावणारी मुलगी असेल तर तिला पायाला बसणारे बूट घेऊन द्या. ते महाग असतील तर सणाची एक साडी कमी घ्या. पहाटे तिच्याबरोबर मैदानावर जा. ती दमून खाली बसली तर घरी नेऊ नका, पाणी द्या आणि थोडे थांबा. ती उठते.